उपसा दुपारी, उपसणारे अज्ञात

घोषवाक्य हवं असलं की लोकांना मराठीचा प्राध्यापक आठवतो. एरवी तो शोकसभेत आठवतो. एका तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवत मी ही दोन्ही कामं इमानदारीनं केली, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यात तिसऱ्याची भर पडली: पर्यावरण. आता निवृत्तीनंतर या अंकाच्या संपादकांनी त्याच विषयावर लेख मागितला. "थोडं प्रेरणादायी लिहा सर," म्हणाले. प्रेरणा माझ्याकडे कधी नव्हती. वैताग भरपूर साठलाय. तो चालत असेल तर पुढं वाचावं.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा पेपर सक्तीचा असतो. तो कुणी शिकवायचा हे विज्ञान ठरवत नाही, वेळापत्रक ठरवतं. ज्याचे तास कमी, त्याच्या गळ्यात पेपर. मराठी घेणारी मुलं दरवर्षी घटत होती, त्यामुळं ओझोनचा थर माझ्याकडं आला.

"जमेल ना सर?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही जमलं तरी थराला फरक पडायचा नाही," मी म्हणालो. त्यांनी तो होकार धरला.

पेपरासोबत खड्डाही आला. आमच्या कॉलेजात पाहुण्यांच्या हस्ते झाड लावायचा एक ठरलेला खड्डा होता. जमीन कडक मुरमाची, दरवर्षी नवा खड्डा कोण खणणार? म्हणून मागच्या वर्षीचं वाळलेलं रोप उपटून तिथंच नवं लावायचं. शिपायांनी त्याला 'पाहुण्याचा खड्डा' असं नावच दिलं होतं. मी एकदा सुचवलं की त्यातलं रोप जगवावं आणि पाहुण्याला नुसता नारळ द्यावा. प्राचार्य म्हणाले, "मग पुढच्या वर्षी काय लावायचं?"

मुलांचे प्रकल्प हा आणखी एक ताप. जीपच्या टपावर बसून जाफराबादहून येणारा पोरगा ध्रुवीय अस्वलांविषयी पानंच्या पानं काळजी व्यक्त करायचा. सगळ्यांची अस्वलं एकाच मोबाईलमधून उतरलेली. मी म्हणायचो, "अरे, तुझ्या गावात काय चाललंय ते लिही." उत्तर ठरलेलं: "गावात काय न्हाई सर. गावात नुसतं ऊन हाय."

आता मराठीचा मास्तर नेमकं काय काम करतो, ते सांगायला हवं, कारण शेजारीपाजारी अजून विचारतात. व्याकरण, निबंध, कविता हे वरवरचं झालं. खरं काम एवढंच, की कुणी काही सांगत असेल तर तीन गोष्टी विचारायच्या. कोण सांगतंय? कुणासमोर सांगतंय? आणि काय गाळतंय? कथा असो की लग्नपत्रिका, हे तीन प्रश्न सगळीकडं चालतात. मी वर्गात ते इतक्या वेळा फळ्यावर लिहिले की मुलं मला पाठीमागं 'कोण-कुणासमोर' म्हणायची. हे प्रश्न विहिरीला विचारता येतात, हे मात्र मलाही उशिरा कळलं.

झालं असं, की भोकरदन तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक प्रकल्प आला. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. प्रकल्पाचं नाव 'हवामान-सक्षम गाव'. संस्था मोठ्या शहरातली, पैसा त्याहून मोठ्या शहरातला. देणगी देणाऱ्यांची अट होती की पथकात एक सामाजिक विषयाचा माणूस हवा. जवळपास मीच स्वस्त पडत होतो.

पथकाचा मुख्य पाटणकर नावाचा इंजिनिअर. तिशीतला, कामाला वाघ, भूजलाची जाण पक्की. हे आधीच सांगतो, कारण अशा लेखांत इंजिनिअर मूर्ख असतो आणि मास्तर शहाणा. इथं तसं नव्हतं. मुरूम कुठं संपतो, पाणी धरणारा खडक कुठं लागतो, हे तो गाव चालून सांगायचा आणि ते खरं निघायचं. पण पहिल्याच भेटीत मला म्हणाला, "सर, तांत्रिक बाजू आम्ही बघतो. तुम्ही जनजागृती बघा."

"म्हणजे काय करू?"

"घोषवाक्यं. आणि एखादं पथनाट्य बसलं तर फारच छान."

घोषवाक्यं दिली. पथनाट्य टाळलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. ओढ्याला पाणी होतं, विहिरी भरलेल्या होत्या. ग्रामसभा भरली. पुढं पुरुष, मागं बायका, मध्ये पाटणकर हातात टॅब घेऊन. एकेक विहीर नकाशावर दाखवायचा आणि विचारायचा, पिण्यासाठी कोण वापरतं? भीमनगरच्या विहिरीची पाळी आली. भीमनगर म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी असलेली बौद्ध वस्ती. विहीर जुनी, कठडा ढासळलेला.

सरपंच आबा वरच्या गल्लीचे. ते लगेच बोलले, "तिथून? न्हाई, न्हाई. वरच्या गल्लीतून तिथं कोन जातंय साहेब? आम्हाला नळ हाय, बोअर हायेत."

मग भीमनगरातून सुखदेवदादा उठले. एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, वस्तीत मान असलेले. शर्टाची बाही सारखी करून म्हणाले, "आम्ही बी न्हाई वापरत. आमच्यात बी नळ आलाय बराबर. गेले ते दिवस."

टाळ्या पडल्या. पाटणकरनं टॅबवर 'वापर : शून्य' असं नोंदवलं. मागं बायकांमध्ये कुणीतरी खोकलं, पण खोकल्याला रकाना नव्हता.

मग पुढचं ओघानंच आलं. वापरात नसलेली उघडी विहीर धोक्याची, ती बुजवायची. त्या जागी 'हवामान चौक' करायचा: तापमान दाखवणारा फलक, दोन बाक आणि फोटो काढून घ्यायला पक्ष्याच्या पंखांची चौकट. पर्यावरण दिनाला उद्घाटन. ठराव एकमतानं पास झाला. एकमताचा ठराव ऐकला की मला धडकी भरते. कथेतली सगळी पात्रं एकच बोलायला लागली की समजावं, काहीतरी गाळलं गेलंय.

काय गाळलं, ते मार्चच्या शेवटी वर्गात कळलं. अस्वलांना कंटाळून मी मुलांना सांगितलं होतं की मोबाईल दप्तरात ठेवा आणि तोंडानं बोला. विचारलं, "परवा तुमच्या घरी पाहुणे आले. चहा झाला. त्या चहातलं पाणी कुठून आलं?"

"नळाचं," एक जण.

"नळ कधी आला होता?"

"आठवड्याखाली आल्ता सर."

"आणि पाहुणे परवा आले. मग?"

हळूहळू एकेकाचं पाणी बाहेर यायला लागलं. कुणाचं मामाच्या मळ्यातलं, कुणाचं विकतच्या जारचं. त्याच गावची शीतल नावाची मुलगी होती, सरपंच आबांच्या भावकीतली. ती सहज म्हणाली, "आमच्यात भीमनगरच्या हिरीचं."

मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, आबाच्या घरचा चहा!" आणि हशा पिकला.

"मंग काय झालं?" शीतल उसळली. "गोड पानी हाय. तुझ्या जारपेक्षा बरंय." आणि लगेच तिचा चेहरा पडला. "सर, हे कुठं सांगू नका. मम्मी मारंल मला."

एप्रिलमध्ये मी धावड्याकडं जाणाऱ्या जीपनं त्या गावी गेलो. सुखदेवदादांचं घर विहिरीच्या समोरच. मी स्वतः अशाच एका भीमनगरात वाढलोय, दुसऱ्या गावच्या. त्यामुळं 'जयभीम' झाला आणि चहाच्या आधी पाण्याचा तांब्या आला. दादांच्या बायकोचं नाव मथुराबाई. बोलायला तिखट. ऊन असं की कोंबड्यासुद्धा सावली सोडेनात.

बाराच्या सुमाराला मथुराबाई उठल्या. रहाटाची बादली आणि दोर विहिरीच्या काठावर नीट ठेवून आल्या, आत आल्या आणि दार लावून कडी घातली. तेवढ्यात शेजारच्या दाराची कडी वाजली, मग पलीकडच्या. ओळीनं सगळी वस्ती बंद झाली.

"काय झालं वहिनी?"

"काय न्हाई. बसा गुमान."

बाहेर रहाट करकरायला लागला. बांगड्या वाजल्या, कुजबूज झाली, हंड्यावर हंडा चढल्याचा आवाज आला.

"कोण आहे?"

"कोन न्हाई," मथुराबाई म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या.

बऱ्याच वेळानं रहाट थांबला, कडी निघाली, मग त्या बोलल्या. "भाऊजी, माझी सासू वरच्या हिरीवर हंडा घेऊन उभी ऱ्हायची. कोन्या बाईला दया आली तर ती वरून पानी वतायची. आता त्यांच्या सुना आमच्या हिरीवर येतात. मी दारात उभी राहून पाहू का? पाह्यलं तर येनार न्हाईत. न्हाई आल्या तर लेकरं काय प्येतील?" मग लसणाची पाकळी बोटांत धरून हसल्या. "आन् खरं सांगू? पाहन्यापरीस न पाहन्यात जास्ती मजा हाय. त्याईला बी म्हाईत, आम्हाला बी म्हाईत."

"आणि तुम्ही?"

"आम्ही सकाळी भरतो. आमच्या नळाला कुठं धार हाय?"

मी दादांकडं वळलो. "दादा, मग ग्रामसभेत काहून नाही बोललात?"

दादा भिंतीकडं बघत म्हणाले, "काय बोलू? ह्या नळासाठी मी पंचायतीसमोर उपोषनाला बसल्तो. आता त्याच पंचायतीत उभा राहून सांगू, की नळ कोरडा हाय, आमच्या बायका हिरीवर जाऊन राह्यल्या? आबा हसला असता."

"आबांच्या घरचा हंडाही इथंच येतो."

"ते आबानं सांगावं."

"दोघं बी मर्द हायेत," मथुराबाई मला म्हणाल्या. "हीर बुजली तरी चालंल, मिशी ऱ्हावी. पन पाऊस पडंपर्यंत प्यायचं काय, ते तरी विचारा तुमच्या त्या सायबाला."

परतताना जीपमध्ये मी नकाशा आठवत होतो. भीमनगराला ती जागा कुणी प्रेमानं दिली नव्हती. गावात नको म्हणून खाली ओढ्याकाठी दिली, दलदलीची, कुणाला नको असलेली. पण पाणी जात विचारत वाहत नाही, उतार बघून वाहतं. गावाची सगळी ओल शेवटी तिथंच मुरते. वरच्या गल्लीनं नको म्हणून टाकलेल्या जागेत उन्हाळ्यातलं पाणी साठलं. हे पाटणकरच्या नकाशात अर्धं होतं. उतार होता, वस्ती तिथं का आहे ते नव्हतं.

मी त्याला गाठून सगळं सांगितलं, नावं वगळून. त्याला आधी पटेना. "सर, मी स्वतः विचारलं होतं. दोन्ही बाजूंनी नाही म्हणाले. लोक खोटं का बोलतील?"

"खोटं बोलले नाहीत. तुम्ही एकमेकांसमोर विचारलंत."

"मग बायकांची वेगळी मुलाखत घेऊ."

"त्याही नाही म्हणतील. एकीनं हो म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकही हंडा येणार नाही."

तो वैतागला. "म्हणजे विहीर वाचवायची तर सांगायला पाहिजे, आणि सांगितलं तर विहीर असून नसल्यासारखी. सर, रिपोर्टमध्ये मी लिहू काय? ग्रामसभेचा ठराव आहे. जेसीबी ठरलंय."

मला त्याचा राग आला नाही, आश्चर्य आहे. आमच्या विज्ञान विभागातले सहकारी मला दरवर्षी विचारायचे, मराठीचा हवामानाशी संबंध काय? पाटणकर निदान खऱ्या अडचणीत सापडला होता. मी म्हणालो, "माणसांना विचारूच नका. पाण्याला विचारा. पातळी मोजणारं यंत्र असतं ना तुमच्याकडं? ते टाका विहिरीत. पण आत्ता, एप्रिलमध्ये. दिवाळीत नको."

त्यानं ते टॅबवर टिपून घेतलं. मग हसला. यंत्राला लाज नसते आणि मिशीही नसते. ते आपोआप नोंद करत पाण्यात पडून राहिलं. मथुराबाईंना मी सांगून ठेवलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "फोटू काढतंय का ते?" नाही म्हटल्यावर परवानगी मिळाली.

आलेखात रोज सकाळी एक उतार होता आणि रोज भर दुपारी दुसरा, त्याहून खोल. रात्री झरे पुन्हा पातळी वर आणायचे. पाटणकरनं इमानदारीनं अहवाल लिहिला. त्यातली एक ओळ मला तोंडपाठ आहे: 'उपसा : सकाळी व दुपारी, दररोज. उपसणारे : अज्ञात.' नोकरीभर मी जेवढं मराठी गद्य वाचलं, त्यात इतकी सभ्य ओळ क्वचित भेटली.

जेसीबी परत गेलं. चौक पंचायतीसमोर हलला. तिथं आता तापमान दिसतं, लाईट असली तर.

इथं थांबता आलं असतं तर हा लेख प्रेरणादायी झाला असता. पण संस्थेला यशोगाथा हवी होती. अहवाल संस्थेतल्या वरच्या लोकांनी वाचला आणि त्यांना 'अज्ञात' हा शब्द सहन झाला नाही. विहिरीचा कठडा बांधला, नवा रहाट बसवला, हे चांगलंच झालं. मग मजकूर माझ्याकडं शुद्धलेखन तपासायला आला. 'हवामान-सक्षम विहीर. लाभार्थी : वरची गल्ली व भीमनगर. सामाजिक सलोख्याचा आदर्श.' हे सगळं भल्यामोठ्या लोखंडी फलकावर रंगवायचं होतं.

मी पाटणकरला फोन केला. "शुद्धलेखन बरोबर आहे. लाभार्थ्यांची ओळ काढा."

"सर, माझ्या हातात नाही. वरून म्हणतात, तोच तर आपला परिणाम आहे."

"अरे, त्या ओळीनंच परिणाम जाईल."

"मी सांगून बघितलं सर. ते म्हणाले, सामाजिक सल्लागारांना जरा सकारात्मक राहायला सांगा."

उद्घाटनाला मीही होतो. आबा आणि सुखदेवदादांनी कठड्याजवळ उभं राहून एकेक ग्लास हातात धरला आणि फोटो निघाला. आबा प्यायले की नाही, ते फोटोत कळत नाही. मथुराबाईंनी फलकाकडं एकदा वर मान करून पाहिलं. मी अक्षरं वाचून दाखवली. त्या पाठ फिरवून घरात गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात शीतल तिसऱ्या वर्षाला होती. मराठीचा वर्ग सुटल्यावर थांबली. "सर, मम्मी आता हिरीवर जात न्हाई. कोनीच जात न्हाई आमच्या गल्लीतून. मळ्यातलं पानी आनून राह्यलो. मचूळ हाय. लहान्या भावाचं पोट सारखं दुखतंय."

"का गं? विहीर तर आता चांगली बांधलीय."

"आता तिथं आमचं नाव लिवलंय ना सर."

मी त्या दिवशी घरी जाऊन नुसता बसून राहिलो. आपण शिकवतो त्या विषयाचा उपयोग काय, असं लोक विचारतात. त्या दिवशी मी ऐटीत सांगू शकलो असतो, की उपयोग आहे: एका शब्दानं गावाचं पाणी तुटतं हे आम्हाला आधी कळतं. कळून काही करता येत नाही, एवढीच त्या विषयाची मर्यादा. फलक काढायला सांगणारं पत्र मी संस्थेला लिहिलं. उत्तर छान छापील कागदावर आलं. माझ्या सूचनेची नोंद घेतली होती.

पंधरवडाभरानं शीतल पुन्हा थांबली. या वेळी हसत होती. "सर, मम्मी परत जाऊन राह्यली."

"फलक काढला?"

"न्हाई. तिथंच हाय."

"मग?"

"तुम्ही पाहून या ना सर," म्हणाली आणि पळाली.

पाहायला जायच्या आधीच पाटणकरचा फोन आला. देणगीदारांचं पथक जिल्ह्यात आलं होतं आणि त्या गावी जाऊन आलं होतं. "सर, एक विचित्र अडचण आहे. फलक दिसतच नाही. त्याच्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातलीय. मोठी, जाड, वरपासून खालपर्यंत. एकाही फोटोत अक्षर आलं नाही. तुम्ही जरा त्यांना सांगाल का? तुमचं ऐकतात."

मी सुखदेवदादांना फोन लावला. दादा म्हणाले, "ते मला इचारू नका, मालकिनीला इचारा," आणि फोन मथुराबाईंकडं गेला.

"वहिनी, ती गोधडी तुमची का?"

"माझीच. धुतली म्हनून वाळू घातली."

"काढणार कधी? साहेब विचारतायत."

"वाळली की काढते म्हना."

"वहिनी, या उन्हात गोधडी तासाभरात वाळते."

"ही जाड हाय भाऊजी."

"तरी, अंदाज काय सांगू? कधी वाळंल?"

मग मथुराबाई म्हणाल्या, "पाऊस पडल्यावर."

मी पाटणकरला एकही शब्द न बदलता निरोप दिला. त्यानं तो मला दोनदा सांगायला लावला. मग म्हणाला, "बरोबर आहे सर. वरच्या साहेबांना मी कळवतो, फोटो आपण पावसाळ्यात काढू."